आठशेला दोन कमी

वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या तक्त्यात एकतीस रकाने होते आणि त्यातल्या तिसांशी काटेसाहेबांचं काहीही भांडण नव्हतं. भांडण झालं ते एकोणिसाव्या रकान्याशी. त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘बसचा वेग’.

तक्ता कार्यालयातल्या कॉम्प्युटरचा होता, हे मथळ्यात स्पष्ट छापलं होतं. पण कार्यालयाच्या एकुलत्या एक कारकुनांना मथळे वाचण्याची सवय नव्हती. त्यांनी एकोणिसावा रकाना पाहिला, कागद वाहनांच्या फायलीत लावला आणि आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात परस्पर उत्तरही धाडून दिलं: ‘या कार्यालयाकडे बस नाही. एक जीप आहे. ती बंद आहे. वेग शून्य.’ पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. ज्या कॉम्प्युटरच्या बसचा वेग आठशेपेक्षा कमी असेल तो भंगारात जमा करायचा असून, आपल्या कार्यालयाने तो शून्य कळवला आहे. तरी आपला कॉम्प्युटर ट्रकने उचलून का नेऊ नये, हे दहा दिवसांत सांगावं. खाली दोन सूचना होत्या. कॉम्प्युटरचं झाकण कुणीही उघडू नये, आणि वेग मशीन चालू ठेवून, पडद्यावरूनच काढावा.

काटेसाहेबांचा तिळपापड झाला. काटे हे त्यांचं आडनाव नव्हतं. ते वजनमापे निरीक्षक आणि या कार्यालयाचे प्रमुख होते, आणि सव्वीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासता तपासता त्यांनी स्वतःच्या स्वभावालाही असा काही काटा बसवून घेतला होता, की त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारायचं लोक विसरूनच गेले होते. किराणा दुकानदार त्यांना लांबून येताना पाहून तराजू पुसायला घ्यायचे. अशा माणसाच्या कार्यालयातून एक मोजमाप चुकीचं बाहेर जावं आणि तेही शून्य? कारकुनांना त्यांनी समोर उभं करून विचारलं, की शून्य ही संख्या लिहिताना तुम्ही नेमकं काय मोजलं होतं. कारकून म्हणाले, जीप.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या कार्यालयात कॉम्प्युटर एकच होता आणि तो टंकलेखिका बाईंच्या टेबलावर होता. शहरातल्या प्रत्येक तराजूची, वजनाची, मापाची, पेट्रोल पंपाची चौदा वर्षांची नोंदवही त्याच्या पोटात होती, आणि ती अक्षर न् अक्षर बाईंनी एकटीने आत घातलेली होती. नोंदवहीचा प्रोग्राम कुणा कंत्राटदाराने करून दिला होता. तो कंत्राटदार पुढे धंदा गुंडाळून परदेशी गेला आणि त्याचा प्रोग्राम या एका मशीनखेरीज दुसरीकडे कुठेही उघडेना. दोन तज्ज्ञ येऊन माना हलवून गेले होते. म्हणजे मशीन ट्रकमध्ये चढलं, की बाईंना तळघरातली दप्तरं वर काढून पहिल्या तराजूपासून सुरुवात करावी लागणार. बाईंच्या निवृत्तीला सव्वादोन वर्षं उरली होती. बोटांची दुखणी सुरू झाली होती. पत्र वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “बघा साहेब काय ते,” आणि पुन्हा टाइप करू लागल्या. त्या ‘काय ते’चं वजन काटेसाहेबांना बरोबर कळलं.

पहिल्यांदा त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला फोन लावला. फोनवरच्या आवाजाला बस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये काहीतरी धावतं, एवढं त्याने ऐकलं होतं. काय धावतं, कशावरून धावतं, आणि वेग कोणत्या एककात हवा, असं काटेसाहेबांनी विचारलं, तेव्हा आवाज जरा कंटाळून म्हणाला, “साहेब, तुम्हाला जे दिसेल ते लिहा.”

हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत अनेक दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या प्रत्येकावर खटला भरला गेला होता.

मग त्यांनी बाईंची खुर्ची मागितली आणि स्वतः मशीनसमोर बसले. मशीनने आपल्याविषयी माहिती देणारं एक पान उघडून दाखवलं. त्यात प्रोसेसरचं नाव होतं, त्याचा वेग होता, मेमरी किती ते होतं, मालकाच्या जागी त्या परदेशी गेलेल्या कंत्राटदाराचं नाव होतं. बसचा उल्लेख नव्हता. काटेसाहेबांनी पान खालीवर केलं, शेजारची पानंही उघडून पाहिली. ज्या यंत्राला उद्या दुपारचं हवामान सांगता येतं, त्याला स्वतःच्या पोटात काय वेगाने धावतंय हे सांगता येऊ नये, याचा त्यांना मनस्वी संताप आला. दुकानदार निदान विचारलं की खोटं तरी बोलतो.

संध्याकाळी घरी ही गोष्ट निघाली आणि तिथेच चूक झाली. कारण बायकोने लगेच आपल्या धाकट्या भावाला फोन केला. या मेहुण्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि जगातला कुठलाही प्रश्न तो फोनवर दोन मिनिटांत सोडवत असे. त्याने एक ओळ सांगितली. पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या चौकटीत ती टाइप करायची, की मशीन आकडा सांगतं. दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांनी ती ओळ स्पेलिंग तीनदा तपासून टाइप केली. मशीनने आकडा दिला: दोनशे.

खरेदीची जुनी कागदपत्रं काढली. त्यावर लिहिलं होतं आठशे.

मेमरीची माहिती विचारणारी आणखी एक ओळ मेहुण्याने दिली होती. तिने सांगितलं चारशे.

एकाच बसचे तीन वेग. काटेसाहेबांनी तिन्ही आकडे कागदावर एकाखाली एक मांडले. एकाच पोत्यावर एका बाजूला पन्नास, दुसऱ्या बाजूला शंभर आणि तळाला दोनशे किलो छापलेलं सापडलं असतं, तर त्यांनी ते पोतं, दुकान आणि दुकानदार तिन्हींना जागेवर सील ठोकलं असतं. मेहुण्याला पुन्हा फोन केला, तर तो हसून म्हणाला, “दाजी, तिन्ही बरोबर आहेत.”

काटेसाहेबांनी फोन ठेवून दिला. तिन्ही बरोबर असणं हे त्यांच्या कायद्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

काटेसाहेबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर रेडिओकाका राहत. ते रेडिओ केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनिअर, आणि त्यांच्या घरात अजून नऊ रेडिओ होते, त्यातला एकही गाणी ऐकायला नव्हता. त्यांनी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं. मशीनच्या पोटात एक ठोका पडतो, ते म्हणाले, सेकंदाला वीस कोटी वेळा. त्यालाच दहा लाखांच्या हिशेबात दोनशे म्हणायचं. पण या जातीच्या मशीनमध्ये प्रत्येक ठोक्याला माहितीची चार ओझी एकदम नेतात. म्हणून दोनशे गुणिले चार, आठशे. मेमरीवाले प्रत्येक ठोक्याला दोनच नेतात, म्हणून चारशे.

“पण ठोके दोनशेच ना?” काटेसाहेबांनी विचारलं.

“ठोके दोनशेच.”

“मग आठशे कशाला लिहायचं? गवळ्याने एक लिटर दूध चार पेल्यांत ओतलं आणि म्हणाला चार लिटर झालं, तर मी ते मान्य करायचं का?”

रेडिओकाकांनी यावर विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की कॉम्प्युटर विकणाऱ्यांना मोठा आकडा आवडतो. काटेसाहेबांना हेच ऐकायचं होतं. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला संपूर्ण कॉम्प्युटर उद्योगाविषयी आपलं मत सांगितलं. बायको म्हणाली, आठशेच हवेत ना त्यांना, मग आठशे लिहून मोकळे व्हा, कागदावर छापलेलं आहेच की. काटेसाहेबांनी घास खाली ठेवला. छापलेलं वजन खरं धरायचं असतं, तर सरकारने निरीक्षक नेमलेच कशाला, असं त्यांनी विचारलं. बायकोने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती; तोंड कशाने बंद होतं हे तिला माहीत होतं.

वरिष्ठ कार्यालयाला त्यांनी रीतसर विचारलं, की आठशेची मर्यादा ही ठोक्यांची की ओझ्यांची. तीन दिवस गेले. आवाजाने कुणा जाणकाराला विचारून कळवलं, की चौपट करून आलेला आकडा धरावा. काटेसाहेबांनी हे लेखी मागितलं. लेखी आलं. आता निदान तराजू कुठला हे ठरलं होतं; उरलं होतं वजन. छापलेला आठशे त्यांना नको होता आणि काळ्या चौकटीतला दोनशेही नको होता, कारण रेडिओकाकांच्या सांगण्यानुसार तो आकडा मशीन मोजतच नाही. कारखान्यात लिहून ठेवलेला असतो, तोच वाचून दाखवतं. म्हणजे तीही एक प्रकारची चिठ्ठीच. प्रत्यक्ष मोजणारा एक छोटा प्रोग्राम असतो, काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन स्वतः कार्यालयात हजर झाले.

त्या दिवशी कार्यालयात कुणी काम केलं नाही. कारकून, शिपाई, वजनं तपासून घ्यायला आलेले दोन भाजीवाले आणि एक सोनार, सगळे बाईंच्या खुर्चीमागे उभे राहिले. प्रोग्राम उघडला. एका छोट्या चौकटीत आकडा आला: एकशे नव्व्याण्णव पूर्णांक पाच. लगेच पूर्णांक सहा. मग पूर्णांक चार. मग पुन्हा पाच.

“हा थांबत का नाही?” काटेसाहेबांनी विचारलं.

काकांनी सांगितलं, तो असाच हलता असतो. यावर सोनार खोकला. काटा स्थिर झाल्याशिवाय वजन वाचू नये म्हणून काटेसाहेबांनी याच सोनाराला मागच्या वर्षी सगळ्या बाजारासमोर झाडलं होतं. काटेसाहेबांनी खोकल्याकडे दुर्लक्ष केलं, कारकुनांना आखीव कागद घ्यायला सांगितला आणि दर मिनिटाला एक याप्रमाणे पन्नास नोंदी घेतल्या. भाजीवाले दहाव्या नोंदीला निघून गेले. सोनार शेवटपर्यंत थांबला. पन्नास नोंदींची सरासरी काढली, चौपट केली, दोनदा पडताळली. उत्तर आलं: सातशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक.

आठशेला दोन कमी. नेमकं सांगायचं तर एक पूर्णांक नऊ; पण सोनाराने बाहेर जाऊन दोन असंच सांगितलं, आणि बाजारात दुपारपर्यंत बातमी पसरली, की काटेसाहेबांच्या स्वतःच्या कार्यालयात माप कमी भरलं.

कमी का भरलं, यावर रेडिओकाकांनी जे सांगितलं त्याने तर काटेसाहेबांचं डोकंच फिरलं. काही कंपन्या म्हणे हा ठोका मुद्दामच किंचित खाली ठेवून झुलवतात. एकाच जागी ठोकत राहिला तर आसपासच्या रेडिओत खरखर येते म्हणून. तसं इथे केलेलं आहे की नाही हे मशीन सुरू होताना वेगळ्या पडद्यावर पाहता येतं. पण पत्रात तर चालू मशीनवरूनच मोजायला सांगितलेलं.

“म्हणजे डब्यावर आठशे छापायचं आणि आत ठरवून कमी भरायचं,” काटेसाहेब म्हणाले.

“तुमच्या शेजाऱ्याच्या रेडिओसाठी,” काका म्हणाले. त्यांना स्वतःला ही पद्धत फार सौजन्याची वाटत असावी.

पुढचे दोन दिवस काटेसाहेबांना ज्याने त्याने एकच सल्ला दिला. मेहुणा म्हणाला, सगळं जग आठशेच लिहितं. बायको म्हणाली, दोनाने कुणाचं काय अडलंय. कारकून म्हणाले, अर्ध्यापेक्षा वर गेलं की पुढचा पूर्ण धरायचा असं शाळेत शिकवलेलं आहे. पण त्यांच्या या हिशेबाने सातशे अठ्ठ्याण्णवच येत होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही. खुद्द सोनार कामाचं निमित्त काढून आला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, की साहेब, पाव टक्का तर आम्हीही धरत नाही. हे वाक्य बोलून झाल्यावर त्याने ते मागे घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. काटेसाहेबांनी वहीत त्याच्या दुकानाच्या तपासणीची तारीख लिहून घेतली.

त्यांना राग या गोष्टीचा येत होता, की कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सव्वीस वर्षं ते दहा ग्रॅमसाठी लोकांशी वैर घेत आले होते. त्यात एकदा सख्ख्या चुलतभावाचं वजन जप्त केलं होतं, आणि त्या घरातल्या लग्नाला नंतर त्यांना बोलावणं आलं नव्हतं. हे सगळं कशासाठी केलं, जर स्वतःच्या टेबलावरचा कमी आकडा शेवटी हाताने वर सरकवायचा असेल तर? आणि दुसरीकडे बाई होत्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या. माणूस काही म्हणाला तर त्याच्यावर रागावता येतं.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी दार लावून घेतलं, तक्ता पुढे ओढला आणि एकोणिसाव्या रकान्यात शाईने लिहिलं: ७९८.१. मग बाहेर येऊन तो कागद स्वतः बाईंच्या टेबलावर ठेवला. जावक क्रमांक घालायचं काम बाईंचं होतं.

बाईंनी आकडा पाहिला. क्रमांक घातला नाही. मशीनच्या डोक्यावर त्यांनी ठेवलेल्या वस्तू होत्या, नातवाचा फोटो, मलमाची डबी, टाचण्यांचं भांडं. त्या एकेक करून त्यांनी पिशवीत भरायला सुरुवात केली. मलमाच्या डबीपाशी त्या थांबल्या.

“साहेब, एक विचारू? तुम्ही मोजलं ते कशाने मोजलं?”

“काकांच्या प्रोग्रामने.”

“आणि सेकंद? सेकंदाला इतके ठोके म्हणता, तर सेकंद कुणाचा धरला?”

काटेसाहेब म्हणाले, सेकंद मशीनच्या घड्याळाचाच असणार, दुसरा कुठून आणणार.

“ते घड्याळ रोज साडेतीन मिनिटं पुढे जातं,” बाई म्हणाल्या. “चार वर्षं झाली. मी दर सकाळी मागे घेते. पुढे जातं म्हणजे त्याचा सेकंदच छोटा झाला. छोट्या मापात दूध कमीच मावणार ना, साहेब?”

कारकुनांनी एक फाइल उघडली आणि तिच्यात तोंड घातलं. काटेसाहेब उभेच होते. माल तोलण्याआधी तराजू तपासावा, हे वाक्य त्यांनी स्वतः लिहून, छापून घेऊन, शहरातल्या सातशे दुकानांत चिकटवलेलं होतं. आणि त्यांनी दुकानदाराचा माल दुकानदाराच्याच तराजूवर तोलून त्याला दोषी ठरवलं होतं. या प्रसंगी कुणावर तरी रागावणं आवश्यक होतं, म्हणून ते म्हणाले, “चार वर्षं घड्याळ चुकीचं आहे आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“चार वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत,” बाई म्हणाल्या.

काटेसाहेबांनी लोखंडी कपाट उघडलं आणि मखमलीच्या पेटीतलं प्रमाण घड्याळ बाहेर काढलं. ज्याच्यावरून शहरातली सगळी कालमापकं लावायची ते हे घड्याळ, आणि वर्षातून एकदा ते थेट प्रयोगशाळेत जाऊन तपासून येतं. मशीनच्या शेजारी ते ठेवलं, दोन्हींच्या वेळा टिपल्या आणि तीन तासांची परीक्षा सुरू झाली. टेबलाला धक्का लागू नये म्हणून काटेसाहेबांनी शिपायाला दारात उभं केलं. पंखा बंद केला. पंख्याचा घड्याळाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. आलेल्या लोकांना वजनं ठेवून उद्या यायला सांगितलं. रेडिओकाकाही मध्येच येऊन बसले आणि बाईंचा मुद्दा ऐकल्यावर कपाळावर हात मारून म्हणाले, की हे मला सुचायला हवं होतं. हा दिवसातला पहिला दिलासा होता. लाज वाटून घ्यायला आणखी एक माणूस मिळाला.

तीन तासांनी मशीनचं घड्याळ सव्वीस सेकंद पुढे होतं.

गणित काटेसाहेबांनी मांडलं, काकांनी तपासलं, बाईंनी तिसऱ्यांदा केलं. सातशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक हा आकडा खऱ्या सेकंदावर आणला, तर होत होता आठशे पूर्णांक शून्य दोन. बाईंनी फोटो पिशवीतून काढून परत मशीनवर ठेवला. काटेसाहेबांनी नवा तक्ता मागवला आणि एकोणिसाव्या रकान्यात ८००.०२ लिहिलं. सोबत चार पानांचं टिपण जोडलं, पन्नास नोंदी जोडल्या आणि प्रमाण घड्याळाच्या प्रयोगशाळा दाखल्याची प्रतही जोडली. बारा वर्षांनी आपण एखादा कागद आनंदाने पाठवतो आहोत, असं त्यांना वाटलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ट्रक आला.

ड्रायव्हरच्या हातात यादी होती आणि यादीत या कार्यालयाचं नाव होतं. काटेसाहेबांनी त्याला बसवून वरिष्ठ कार्यालयाला फोन लावला. आवाजाने यादी उघडली, मागे तक्ता उघडला आणि समजावून सांगितलं. त्याच्याकडच्या तक्त्यात त्या रकान्यात फक्त पूर्ण आकडे बसतात. काटेसाहेबांच्या आकड्यात टिंब होतं, म्हणून तो बसला नाही. बसला नाही म्हणून रकाना रिकामा राहिला. रिकाम्या रकान्याचं तक्ता आपोआप शून्य धरतो. आणि शून्य हे आठशेपेक्षा कमी आहे.

“पण तुमच्यासमोर माझं टिपण आहे ना?”

टिपण आहे, आवाज म्हणाला, छान आहे, पण यादीवर सही होऊन गेलेली आहे. बाकी सगळ्यांनी त्या रकान्यात काय लिहिलं, असं काटेसाहेबांनी विचारलं. बाकी सगळ्यांनी ‘पुरेसा’ असं लिहिलं होतं. तो शब्द शून्य धरला गेला नव्हता. शब्दांचं काय करायचं हे तक्त्याला ठाऊक नसल्याने ती मशीनं जिथल्या तिथे राहिली होती.

काटेसाहेबांनी फोन ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, आणि हे पाहून कारकून घाबरले. ट्रकबरोबर आलेल्या हमालाने मशीनच्या तारा सोडवायला हात घातला होता. बाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. उठल्याशिवाय तारा निघणार नव्हत्या, एवढाच त्यांचा विरोध होता.

“हात लावू नका,” काटेसाहेब म्हणाले. “ते जप्त आहे.”

“कुणी जप्त केलं?” ड्रायव्हरने विचारलं.

“मी.”

“कधी?”

काटेसाहेबांनी मखमलीच्या पेटीतल्या घड्याळात पाहून वेळ सांगितली. ती त्याच मिनिटाची होती.

चुकीचं मोजमाप वापरात ठेवलेलं आढळलं, तर ते जागच्या जागी जप्त करण्याचा निरीक्षकाला अधिकार असतो. आणि तासाला जवळजवळ नऊ सेकंद पुढे धावणारं कालमापक एका सरकारी कार्यालयात चार वर्षं वापरात होतं, याचा पुरावा काटेसाहेबांकडे तीन प्रतींत होता. जप्त मुद्देमाल चौकशी पुरी होईपर्यंत हलवता येत नाही. हलवणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. हे कलम त्यांनी ड्रायव्हरला पाठ म्हणून दाखवलं. ड्रायव्हरला कलमातलं फारसं कळलं नाही, पण अशा सुरात बोलणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, हे त्याला धंद्यातून माहीत होतं.

पंचनामा बाईंनी टाइप केला. दुसरं मशीन नसल्याने तो जप्त मशीनवरच करावा लागला, आणि पानाच्या कोपऱ्यात मशीनने घातलेली वेळ काटेसाहेबांना पेनने दुरुस्त करावी लागली. दोन त्रयस्थ पंच हवे होते. ड्रायव्हर आणि हमाल दोघेही त्रयस्थ होते. त्यांनी सह्या केल्या, चहा घेतला आणि मशीनऐवजी पंचनाम्याची प्रत घेऊन निघून गेले. मुद्देमालाचं घड्याळ दररोज किती पुढे जातं याची नोंद चौकशीसाठी घ्यावी आणि त्याकरता मशीन नेहमीप्रमाणे चालू ठेवावं, असाही एक आदेश काटेसाहेबांनी काढला. काम टंकलेखिकेकडे सोपवलं.

एक गोष्ट मात्र राहिली होती. चुकीचं मोजमाप ज्याच्या ताब्यात सापडतं त्याला नोटीस द्यावी लागते. यातून कुणालाही सूट नाही. ताबेदाराच्या जागी बाईंनी काय लिहायचं ते विचारलं. काटेसाहेब म्हणाले, “कार्यालयप्रमुख.”

नोटीस नेहमीच्या नमुन्यातच होती, हजारो दुकानदारांना गेली तशी. ती त्यांना शिपायाने हातात आणून दिली. त्यांनी पोच म्हणून सही केली, चष्मा लावला आणि वाचायला घेतली. ‘आपण जाणूनबुजून चुकीचे मोजमाप वापरात ठेवून’ या शब्दांपाशी त्यांचा चेहरा लाल झाला. जाणूनबुजून? त्यांना त्या घड्याळाविषयी आठवड्यापूर्वी कळलं होतं. एखाद्या माणसाचं काही ऐकून घेण्याआधीच ही भाषा? संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं, की आज आपल्याला नोटीस आली. बायकोने घाबरून विचारलं, कुणाची.

“आहे एक निरीक्षक,” काटेसाहेब म्हणाले. “अतिशय उद्धट माणूस आहे. लिहायची पद्धत नाही.”

दोन दिवस खपून त्यांनी खुलासा लिहिला. तीन पानं झाली. आपली सव्वीस वर्षांची स्वच्छ नोकरी, चुलतभावाचं प्रकरण, घड्याळाची माहिती मिळताच केलेली तीन तासांची परीक्षा, सगळं त्यात होतं, आणि शेवटी दुरुस्तीसाठी वाजवी मुदत मागितली होती. सोमवारी तो खुलासा निरीक्षक म्हणून त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी तो दोनदा वाचला. खुलासा चांगला होता. काही ठिकाणी तर त्यांना भरून आलं. पण ओळखीच्या माणसाला सवलत द्यायची नाही, म्हणून त्यांनी समासात शेरा मारला: असमाधानकारक. मुदत मात्र मंजूर केली.

“किती घालू?” बाईंनी विचारलं.

“सव्वादोन वर्षं.”

बाईंची बोटं क्षणभर थांबली. मग त्यांनी तारीख मोजून टाइप केली, महिनाअखेरची, आणि कागद सहीसाठी पुढे केला. सह्या दोन होत्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. पहिली काटेसाहेबांनी झटक्यात केली. दुसरीला वेळ लागला. शेरा त्यांच्या मनाला अजून लागत होता.